पस्तिशीनंतर दिवस गेलेत? कोणती तपासणी, कधी आणि कशासाठी

अडतिसाव्या वर्षी दिवस गेले की पहिल्याच भेटीत फाईलवरच्या वयाभोवती गोल काढला जातो. तिथून पुढे घरीदारी एकच प्रश्न फिरत राहतो, बाळ नॉर्मल असेल ना? नणंदेच्या मैत्रिणीने कुठलीशी महागडी टेस्ट केलेली असते, मावशीच्या मते पोटात सुई घातली की मूल राहत नाही, आणि डाऊन सिंड्रोमचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेला असतो. या सगळ्यात बीपी आणि शुगर हे दोन साधे शब्द कुणाच्या तोंडी नसतात. पस्तिशीपुढच्या गरोदर बाईला गुणसूत्रांपेक्षा या दोन गोष्टी त्रास देण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, आणि दोन्हींवर वेळेत इलाज करता येतो. गुणसूत्रांच्या चाचण्यांबद्दल खाली बरंच लिहिलं आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. पण वाचताना हे प्रमाण डोक्यात असू द्या.

पहिली भेट लांबवू नका

तिसरा महिना पुरा होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची पद्धत पाळायची तर खुशाल पाळा. डॉक्टर मात्र ‘कुणाला’मध्ये येत नाहीत. पाळी चुकून घरच्या किटवर दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात जा.

घाईचं पहिलं कारण औषधांचं. पंचविशीतल्या मुलीला सहसा रोजची गोळी नसते. अडतिशीत अनेकींना असते. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, बदलून घ्यावी लागतात. कोलेस्टेरॉलची गोळी, फिटचं औषध, मुरुमांवरच्या काही गोळ्या यांचंही तसंच. मनाने बंद करू नका, पण त्याच दिवशी फोन करा. थायरॉईडच्या गोळीचं उलट आहे. ती बंद तर करायची नाहीच, बहुतेकींना तिचा डोस सुरुवातीपासूनच वाढवावा लागतो, कारण पहिल्या काही आठवड्यांत बाळ आईच्याच थायरॉईडवर चालतं. फॉलिक अ‍ॅसिड खरं तर दिवस जाण्याच्या आधीपासून हवं, रोज ४०० मायक्रोग्रॅम. नसेल तर आजपासून. मधुमेह असेल किंवा फिटचं औषध चालू असेल तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टर सांगतील.

दुसरं कारण पहिल्या सोनोग्राफीचं. सहा ते आठ आठवड्यांत ती तीन गोष्टी सांगते. गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत ना, आणि एक आहे की दोन. नळीत गर्भ राहणं वयाबरोबर वाढतं आणि जुळीही वाढतात, आयव्हीएफ न करतासुद्धा. शिवाय याच वेळी बाळाच्या लांबीवरून दिवस नक्की होतात. पुढच्या प्रत्येक चाचणीची वेळ ठरलेली आहे आणि ती या तारखेवरून मोजली जाते, म्हणून हा रिपोर्ट फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा.

एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होण्याचं प्रमाण विशीत साधारण दहात एक असतं, चाळिशीत ते तिघींत एकीपर्यंत जातं. त्यातले बहुतेक गर्भ गुणसूत्रांत मुळातच गडबड असल्यामुळे वाढत नाहीत. जिना चढल्याने नाही, पपई खाल्ल्याने नाही, ऑफिसला गेल्याने तर नाहीच.

रक्ताच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, टीएसएच (थायरॉईडची), एचआयव्ही, कावीळ बी, व्हीडीआरएल (सिफिलिसची) आणि लघवी हे सगळं येतं. त्यात एक चाचणी आवर्जून मागून घ्या, एचपीएलसी. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांचं वाहकत्व तिच्यात कळतं. वाहक माणूस ठणठणीत असतो, त्यामुळे चाळिशीपर्यंतही पत्ता लागत नाही. सिंधी, पंजाबी, कच्छी भानुशाली, लोहाणा कुटुंबांत थॅलेसेमिया जास्त आढळतो. सिकलसेल आपल्याकडे पूर्व विदर्भ आणि नंदुरबारच्या बाजूला. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच करायची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते पाहायचं तर अकराव्या आठवड्यापासूनच हालचाल करावी लागते. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे, अशा जोडप्यांचं गर्भावस्थेतलं निदान तिथे होतं.

पस्तीसच का?

मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार झालेली असतात. ती अर्ध्या विभाजनावर थांबून राहतात आणि दर महिन्याला एखादं ते काम पुरं करायला निघतं. बाई अडतीस वर्षांची तर बीज अडतीस वर्षांहून थोडं जुनंच. इतक्या काळात गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात आणि जोडी फुटताना कधीकधी दोन्ही गुणसूत्रं एकाच बाजूला जातात. २१व्या क्रमांकाचं असं एक जादा आलं की डाऊन सिंड्रोम. १८ आणि १३ यांचंही होतं, पण ते विरळ आणि बरेच गंभीर.

जन्माच्या वेळी डाऊन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या वयाच्या २५व्या वर्षी सुमारे १२५०त एक, तिसाव्या वर्षी ९००त एक, पस्तिसाव्या वर्षी ३५०त एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक आणि पंचेचाळिसाव्या वर्षी तीसात एक असं धरतात. हे आकडे वाचून घाबरायला होतं, म्हणून चाळिशीचा आकडा उलटा वाचा. शंभरातल्या नव्याण्णव जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो.

चढ सगळीकडे सलग आहे, पस्तिसाव्या वाढदिवशी काही कडा लागत नाही. मग ही रेघ आली कुठून? १९७०च्या दशकात गर्भजल तपासणी सुरू झाली तेव्हा सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका दोनशेत एकच्या आसपास मानला जायचा. पस्तिशीला गुणसूत्रांचा कुठलाही दोष असण्याची शक्यता तेवढीच भरत होती. धोका आणि फायदा जिथे जुळला तिथे रेघ मारली, इतकंच. पुढे सुईचा धोका कमी झाला, रक्ताच्या चाचण्या आल्या, आणि २००७ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वय न बघता प्रत्येक गरोदर बाईला या चाचण्यांबद्दल सांगावं असं म्हटलं. रेघ मात्र लोकांच्या मनात राहिली. आपल्या कायद्यातही आहे, त्याबद्दल पुढे.

डबल मार्करचा कागद कसा वाचायचा

अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत एनटी स्कॅन होतो. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असते तेव्हा त्याच्या मानेमागे त्वचेखाली थोडा द्रव असतो, त्याची जाडी मोजतात. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाला किंमत आहे, त्यामुळे मोजणारा हात तयार हवा आणि बाळही नीट आडवं हवं. बाळ पाठ फिरवून बसलं तर बाहेर चक्कर मारून या, काहीतरी खाऊन या असं सांगतात, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. त्याच सुमारास आईच्या रक्तातली दोन द्रव्यं, पॅप-ए आणि बीटा एचसीजी, मोजतात, ती डबल मार्कर चाचणी. एनटीशिवाय नुसती डबल मार्कर करणं म्हणजे अर्धीच माहिती घेणं.

आता कागद हातात घेऊ. वर नाव, वय, वजन. मधे दोन द्रव्यांपुढे ‘एमओएम’ नावाचा आकडा. तेवढ्याच आठवड्यांच्या बायकांच्या मधल्या मूल्याशी तुमच्या मूल्याचं ते गुणोत्तर आहे. १ म्हणजे बरोबर मध्यावर. डाऊन सिंड्रोममध्ये पॅप-ए बहुधा निम्म्यावर येतं आणि बीटा एचसीजी दुपटीच्या घरात जातं, पण एकट्या आकड्यावरून काही ठरत नाही. खाली दोन शक्यता छापलेल्या असतात. पहिली फक्त वयावरून काढलेली, समजा १:१८०. दुसरी वय, एनटी आणि रक्त असं सगळं मिळून काढलेली, समजा १:१४००. बघायची ती दुसरी. अनेक लॅब १:२५० ही मर्यादा धरतात. आकडा त्याहून लहान, म्हणजे १:१२० वगैरे आला, की लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापलं जातं आणि घरात रडारड सुरू होते. १:१२० म्हणजे १२० पैकी ११९ बाळांना डाऊन सिंड्रोम नाही.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. सगळ्या वयाच्या दहा हजार गरोदर बायका या चाळणीतून काढल्या तर त्यांत डाऊन सिंड्रोमची बाळं चौदाएक असतील. चाळणी त्यातली बाराएक पकडते, पण पकडताना पाच टक्के, म्हणजे पाचशे जणींना ‘हाय रिस्क’ म्हणते. पाचशेत बारा. मोठ्या वयाच्या बाईला तर हा शिक्का आणखी सहज लागतो, कारण गणितात तिचं वय आधीच जमेस धरलेलं असतं.

वयावरून आठवलं, फॉर्मवर खरं वय लिहा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून दिलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. आधार कार्डावर तीच तारीख असते आणि फॉर्म भरताना तीच उतरवली जाते. खऱ्या वयात दीड-दोन वर्षांचा फरक असेल तर पस्तिशीपुढे उत्तर बदलू शकतं. आयव्हीएफ झालं असेल तर तेही सांगा. बीज दुसऱ्या कुणाचं असेल तर गणितात तिचं वय जातं. स्वतःचं बीज गोठवून ठेवलेलं असेल तर गोठवलं त्या वेळचं.

महागडी रक्तचाचणी

१९९७ साली हाँगकाँगच्या डेनिस लो यांनी गरोदर बायकांच्या रक्तात बाळाकडून आलेले डीएनएचे तुकडे शोधून काढले. पोटात मुलगा असलेल्या बायकांच्या रक्तात त्यांनी पुरुषी वाय गुणसूत्र शोधलं होतं, कारण ते आईचं असूच शकत नाही. त्या शोधातून २०११ नंतर एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी चाचणी, बाजारात आली. जे शोधून या चाचणीचा जन्म झाला, नेमकं तेच, म्हणजे बाळ मुलगा की मुलगी, भारतातल्या रिपोर्टवर छापायला बंदी आहे, आणि आपल्याकडचा इतिहास पाहता ती असायलाच हवी.

एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून करता येते. डाऊन सिंड्रोमची शंभरातली नव्याण्णव बाळं तिच्यात सापडतात आणि खोटा इशारा हजारात एखाद्या बाईला मिळतो. वय जास्त असण्याचा फायदा होतो अशी गरोदरपणात ही विरळा जागा. चाळीस वर्षांच्या दहा हजार बायका घ्या. डाऊन सिंड्रोमची बाळं शंभर, त्यातली नव्याण्णव सापडली, खोटे इशारे दहाएक. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या अकरांतल्या दहा खऱ्या. पंचवीस वर्षांच्या दहा हजारांत अशी बाळं आठच आणि खोटे इशारे तितकेच दहा, म्हणजे निम्म्याहून अधिक पॉझिटिव्ह चुकीचे.

तरीही हे निदान नाही. तो डीएनए खरं तर बाळाचा नसून वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा असतो, आणि क्वचित वारेत दोष असून बाळ निर्दोष असतं. एकट्या एनआयपीटीवर गर्भपाताचा निर्णय घेऊ नये, कुणी सुचवलं तरी. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून एनटी स्कॅन सोडायचा असंही नाही. हृदयातलं छिद्र, पाठीचा कणा, कवटी यातलं काही ही चाचणी पाहत नाही. बाईचं वजन जास्त असेल तर बाळाचा डीएनए कमी पडून ‘निकाल नाही’ असाही कागद येतो. खर्च शहराप्रमाणे आणि लॅबप्रमाणे दहा-बारा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत.

पैशाची अडचण नसेल तर पस्तिशीपुढे एनटी स्कॅन आणि एनआयपीटी ही जोडी मला योग्य वाटते. अडचण असेल तर आधी एनटी आणि डबल मार्कर करा, आणि आकडा मधल्या पट्ट्यात, १:२५० ते १:१००० असा आला तरच एनआयपीटीचा विचार करा. कर्ज काढून करण्याची ही चाचणी नव्हे.

सुई

एनटी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, सोनोग्राफीत दोष दिसत असेल किंवा एनआयपीटी पॉझिटिव्ह असेल तर नक्की उत्तर सुईनेच मिळतं. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा कण काढतात, ती सीव्हीएस. सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढतात, ती अ‍ॅम्नियोसेंटेसिस. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत बारीक लांब सुई पोटातून आत जाते आणि चार-पाच चमचे पाणी बाहेर येतं. टोचल्याचं दुखणं रक्त काढण्याइतकंच, वर पाळीसारखी कळ. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. तज्ज्ञ हातांत यामुळे गर्भपात होण्याचा धोका दोनशेत एकाहून कमी आहे, म्हणजे मावशी म्हणते तसं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन विसरू नका. घाईचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो, पेशी वाढवून केलेला संपूर्ण निकाल दोन-तीन आठवड्यांनी.

आणि इथे कॅलेंडर आडवं येतं. पंधराव्या आठवड्यापर्यंत काहीच केलं नाही, मग सतराव्यात क्वाड्रुपल मार्कर ही उशिराची रक्तचाचणी, एकोणिसाव्यात सुई, एकविसाव्यात निकाल, असं झालं की विचार करायला वेळ उरत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा कायदा असा आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टर लागतात आणि गर्भातला गंभीर दोष हे त्यातलं एक कारण. त्यापुढे असा दोष असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. संमती लागते ती सज्ञान बाईची एकटीची. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

या सगळ्याआधी, एनटीच्या तारखेच्याही आधी, नवरा-बायकोने एकदा निवांत बसून बोलावं. उत्तर वाईट आलं तर आपण काय करणार? काही जोडप्यांना गर्भ ठेवायचाच असतो, तरी त्यांना आधी कळलेलं हवं असतं, कारण डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो आणि बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. काहींना चाचणीच नको असते. तोही निर्णयच आहे, आणि डॉक्टरला तो स्पष्ट सांगता येतो.

फॉर्म भरताना

‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक आपण इतक्यांदा पाहिलाय की तो आता दिसेनासा झालाय. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ साली कायदा केला, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा १९९४चा. त्यामुळे प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरावा लागतो, ओळखपत्र लागतं, आधीची मुलं किती आणि मुलगे-मुली किती हेही विचारतात. राग येतो खरा, पण रिसेप्शनवरच्या मुलीवर काढू नका. याच कायद्यात गर्भाची गुणसूत्रं तपासायला कोणत्या कारणांनी परवानगी आहे ते दिलेलं आहे, आणि त्यात पहिलंच कारण पस्तिशीपुढचं वय आहे. सुईच्या चाचणीआधी तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते आणि तिची प्रत तुम्हाला द्यावी लागते. इंग्रजी कागदावर सही मागितली तर मराठी प्रत मागा.

बीपी, आणि एक स्वस्त गोळी

एनटीच्याच भेटीत डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा, मला अ‍ॅस्पिरिन लागेल का? वय पस्तिशीपुढे, पहिलंच बाळंतपण किंवा आधीच्याला दहा वर्षं झालेली, वजन जास्त, आयव्हीएफ, आई-बहिणीला गरोदरपणात बीपी, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी अनेक डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री, आणि सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करून. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात जास्त धोका असलेल्या बायकांना १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणारा गंभीर आजार, निम्म्याहून कमी झाला. डबल मार्करच्याच रक्तातून पीएलजीएफ नावाचं प्रथिन मोजून हा धोका आधी काढता येतो, काही केंद्रांत तेही करतात. गोळी ‘रक्त पातळ करते’ म्हणून घरचे घाबरतात. डॉक्टरला विचारून घ्या आणि मनाने सोडू नका.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं, डोकं थांबता थांबत नाही असं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीखाली उजवीकडे दुखलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते, चौथ्या महिन्यापासून जाता येतं. खासगीत नाव घातलं असलं तरी मधे बीपी मोजून घ्यायला ती तारीख उपयोगी पडते.

अठरा ते वीस आठवड्यांत अ‍ॅनोमली स्कॅन होतो. डोक्यापासून पायापर्यंत बाळ नीट पाहतात, त्यामुळे वेळ लागतो. मधुमेह आधीपासून असेल किंवा आयव्हीएफ असेल तर बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफीही सुचवतात. हा स्कॅन स्वच्छ आला म्हणजे डाऊन सिंड्रोम नाही असं मात्र होत नाही, कारण त्या बाळांपैकी बऱ्याच जणांत स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही.

राहिली शुगर. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. दुसऱ्यांदा करायला बायका कंटाळतात, आणि वय जास्त असलेल्यांना ती नेमकी तेव्हाच सापडते. आपल्याकडच्या पद्धतीत उपाशी असण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, आणि आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. ते पाणी कमालीचं गोड लागतं, मळमळतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी परत करायची, त्यानंतर झाली तर चालतं. मधुमेह निघालाच तर बहुतेकींचं आहार आणि चालण्यावर भागतं, काहींना औषध किंवा इन्सुलिन लागतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा करायची असते. तेव्हा बाळाच्या लसीच्या तारखा पाठ असतात आणि आईची ही तारीख राहून जाते, म्हणून ती आत्ताच, त्याच फाईलवर लिहून ठेवा.